डोक्याला हात

लहानू पगारेचं नाव ज्याने कोणी ठेवलं, त्याचा अंदाज साफ चुकला होता. देवळाली गावातल्या आपल्याच घरात शिरताना लहानूला वाकावं लागे आणि बँडच्या लाल कोटाच्या बाह्या त्याच्या मनगटाच्या बऱ्याच अलीकडे संपत. दिवसा तो नाशिकरोडच्या एका कारखान्यात फिटर होता. लग्नसराईत आणि जयंतीच्या मिरवणुकीत बहिरू मास्तरांच्या 'त्रिशरण ब्रास बँड'मध्ये तो क्लॅरनेट वाजवायचा. वाजवायचा म्हणजे आपला फुंकायचा. ऐकू कुणालाच जायचं नाही.

यात त्याचा काही दोष नव्हता. दोन ढोल, एक ताशा, ट्रम्पेटवाल्यांची रांग, खुळखुळेवाला, आणि पुढे धूळ उडवत नाचणारी वऱ्हाडी मंडळी. एवढ्या गदारोळात क्लॅरनेटसारख्या नाजूक वाद्याने काय करायचं? लहानूने एकदा परीक्षाच घेतली. सिन्नर फाट्याकडच्या एका वरातीत तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसती बोटं नाचवत चालला, फुंक म्हणून मारली नाही. वरात मांडवात पोचल्यावर बहिरू मास्तरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "आज लय गोड वाजवलंस, लहानू." घरी येऊन त्याने हे बायकोला, मालनबाईला सांगितलं. ती पोट धरधरून हसली आणि मग नवऱ्याचा चेहरा पाहून गप्प झाली.

लहानूच्या वडिलांना, जयरामआबांना, मुलाचं बँडमध्ये जाणं मुळातच पसंत नव्हतं. त्यांच्या तरुणपणी गावात कुणाचंही कार्य असो, यांच्या लोकांनी जाऊन दाराबाहेर उभं राहून वाजवायचं, असाच रिवाज होता. धम्म घेतला त्या वर्षी आबांनी डफडं चुलीत घातलं आणि त्यावर आंघोळीचं पाणी तापवलं. पाणी फार छान तापलं होतं, असं ते कुणालाही सांगत. लहानू जुनं क्लॅरनेट घेऊन घरी आला तेव्हा त्यांनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मग म्हणाले, "वाजवायचं तर वाजव. पण बसून वाजव. आणि ऐकणारे बी बसलेले पाहिजेत. उभ्याउभ्यानं आपल्या लोकांनी लय वाजवलं."

आबा गेले आणि ते बोलणं लहानूपाशी राहिलं. बसून वाजवायचं, बसलेल्या माणसांपुढे, एकदा तरी. तसं त्याला आयुष्यात बाकीही बरंच काही हवं होतं. घरावरची कौलं बदलायची होती, पोरीला शिकवायचं होतं. पण अंथरुणावर पडल्यावर झोप लागेपर्यंत तो विचार करायचा तो याच एका गोष्टीचा.

चौऱ्याहत्तर साली दिवाळीनंतर क्लॅरनेट कुरकुरायला लागलं. चाव्यांखालच्या चामड्याच्या गाद्या झिजल्या होत्या. कॅम्पातले इनास मास्तर त्या बदलून देतात, असं कुणीतरी सांगितलं. बाहेरच्या माणसाला देवळाली गाव आणि देवळाली कॅम्प ही एकच जागा वाटते. गावातला माणूस अशी चूक करत नाही. कॅम्पात लष्कर, पारशांचे हवा खाण्याचे बंगले, चर्च, बेकऱ्या आणि क्लब. गावच्या लोकांनी तिकडे कामाला जायचं आणि संध्याकाळ झाली की आपल्या घरी परतायचं.

इनास मिनेझिस हे मूळचे गोव्याचे, लष्कराच्या बँडमधून निवृत्त झालेले. चर्चमागच्या गल्लीत त्यांची एक खोली होती. भिंतीवर व्हायोलिनं टांगलेली, टेबलावर पोट उघडून ठेवलेली बाजाची पेटी, आणि खिडकीत एक सॅक्सोफोन, त्यावर ऊन पडलेलं. दर शनिवारी संध्याकाळी ते आपल्या तीन साथीदारांना घेऊन कॅम्पातल्या क्लबांत जॅझ वाजवायचे. हे ऐकून लहानू बुचकळ्यात पडला. बँडवाल्यांच्या भाषेत जाझ म्हणजे ड्रमचा संच. चार माणसं मिळून एकच ड्रम कसा वाजवतात, ते त्याला कळेना, पण विचारायचा धीर झाला नाही.

गाद्या बसवून झाल्यावर मास्तर म्हणाले, "वाजवून बघ." लहानूने एक चाल वाजवली. मिरवणुकीत मंडळी वळणावर थांबतात तेवढ्या वेळासाठी त्याने ती स्वतः बसवली होती. हळू सुरू व्हायची, मधेच एक पायरी चुकल्यासारखी करायची आणि पुन्हा सावरायची. मास्तर स्क्रू पिळत होते, ते थांबले.

"कोणाची ही चाल?"

"माझीच हाय. जयंतीसाठी बसवली. पण तिथं कोण ऐकतंय, मास्तर."

"परत वाजव."

लहानूने परत वाजवली. मास्तरांनी ती डोळे मिटून ऐकली आणि म्हणाले, "शनिवारी ये. बायकोला घेऊन ये. आणि हे पण आण."

शनिवारी मालनबाईने लग्नातली मोरपंखी साडी काढली. लहानूने लाल कोट घालू की नको, यावर अर्धा तास घालवला आणि शेवटी साधा पांढरा सदरा घातला. बसने कॅम्पात पोचले तेव्हा दिवे लागत होते. पहिल्या क्लबात हाऊजी चालली होती. माइकवर एकजण आकडे ओरडत होता, माणसं कागदावर खुणा करत होती, आणि कोपऱ्यात मास्तर आणि त्यांचे साथीदार वाजवत होते. एकाही माणसाचं तिकडे लक्ष नव्हतं. लहानूला अगदी घरच्यासारखं वाटलं.

दुसरा क्लब मात्र निराळाच निघाला. जुना बंगला, रुंद व्हरांडा, वेताच्या खुर्च्या. हवापालटाला आलेले म्हातारे पारशी, काही लष्करी मंडळी, बोर्डिंग शाळेतले दोन-तीन शिक्षक. मास्तरांचे पाहुणे म्हणून या दोघांनाही एक टेबल मिळालं. वेटरने मालनबाईसाठी खुर्ची मागे ओढली, तेव्हा तिला वाटलं हा खुर्ची काढूनच नेतोय, आणि ती बाजूला होऊन उभी राहिली. मग कळल्यावर बसली आणि बराच वेळ एकटीच हसत राहिली. तिच्यापुढे लिंबूसोडा आला. तो तिने संध्याकाळभर पुरवला.

वाजवायला सुरुवात झाली आणि लहानू ऐकतच राहिला. ड्रमवाला ड्रम बडवत नव्हता. अंगण झाडावं तसा तारांचा कुंचा तो त्यावर हळूहळू फिरवत होता. एकजण माणसाएवढं व्हायोलिन उभं धरून बोटांनी छेडत होता, आणि तिसरा पियानोवर, मास्तर सॅक्सोफोनवर. आधी सगळे मिळून चाल वाजवायचे. मग एकजण पुढे व्हायचा आणि मनात येईल तसा भटकून यायचा, आणि तेवढा वेळ बाकीचे त्याला वाट करून देत. बहिरू मास्तरांच्या बँडमध्ये सगळे सगळा वेळ जीव तोडून वाजवत. दुसऱ्यासाठी आवाज खाली घ्यायचा असतो, हे लहानूला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आणि समोरची माणसं बसली होती. बसून ऐकत होती.

मग मास्तरांनी त्याला हाक मारली. स्टेजवर एक रिकामी खुर्ची ठेवली होती. लहानू जाऊन बसला. त्याचे गुडघे छातीपर्यंत आले. मास्तरांनी सॅक्सोफोन उचलला आणि वाजवायला लागले, आणि लहानूच्या लक्षात आलं, ती त्याचीच चाल होती. मिरवणुकीतली. वळणावरची. एकदा सगळ्यांनी मिळून ती वाजवली आणि मास्तरांनी त्याच्याकडे बोट केलं.

लहानू एकटा वाजवायला लागला. पहिल्यांदा चाचरत, मग जरा मोकळा, मग त्याला स्वतःचाच आवाज ऐकू यायला लागला. इतक्या वर्षांत त्याने तो असा ऐकलाच नव्हता. तो चाल सोडून बाजूला गेला, पुन्हा जवळ आला, पुन्हा गेला. डोळे मिटले होते. आणि चाल चालू असतानाच लोकांनी टाळ्या वाजवल्या.

लहानूने डोळे उघडले. गावात जयंतीच्या सभेत एखादा वक्ता आवरेनासा झाला की लोक मधेच टाळ्या वाजवून त्याला खाली बसवतात. भल्याभल्यांना त्याने असं बसलेलं पाहिलं होतं. त्याने घाबरून मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी त्याच्याकडे बघत हात वर नेला आणि आपल्या डोक्याला लावला.

बहिरू मास्तर असाच हात लावायचे. ताशेवाल्याची लय सुटली की, ट्रम्पेट बेसूर लागला की, भर रस्त्यात ते डोक्याला हात लावायचे, आणि मग त्या माणसाने काय समजायचं ते समजायचं. लहानूला आणखी काही सांगायला लागलं नाही. त्याने क्लॅरनेट खाली घेतलं, खुर्चीवरून उठला, मान खाली घालून टेबलापाशी आला आणि मालनबाईला म्हणाला, "चल." तिचा सोडा थोडा उरला होता. मागे बँड वाजतच होता. फाटकातून बाहेर पडेपर्यंत तीच चाल ऐकू येत होती, आणि लहानू ती ऐकू येऊ नये म्हणून भराभर चालत होता.

बसमध्ये मालनबाई म्हणाली, "लोकांना आवडलं होतं की."

"आवडलं म्हणून मधीच टाळ्या वाजवत्यात व्हय?"

मालनबाई खिडकीबाहेर बघायला लागली. तीही त्याच सभांना जात आली होती.

त्यानंतर लहानूने बँड सोडला. दात दुखतो, असं बहिरू मास्तरांना सांगितलं. मास्तरांनी दोन-चार दिवस हळहळ केली आणि मग त्याच्या जागी आणखी एक ट्रम्पेट घेतला. क्लॅरनेट खाटेखालच्या पेटीत गेलं. दरवर्षी जयंतीच्या आदल्या दिवशी लहानू ते काढायचा, पुसायचा, चाव्यांना तेलाचं बोट लावायचा आणि परत ठेवायचा. कॅम्पाचं नाव काढलं की विषय बदलायचा. मालनबाईला त्या संध्याकाळचा फक्त शेवटच वाईट वाटला होता. बाकीची संध्याकाळ तिला अजून गोड लागायची, खुर्ची ओढणाऱ्या वेटरसकट. पण हे नवऱ्याला कसं सांगणार? ती एकटी असताना भाकऱ्या थापता थापता ती चाल गुणगुणायची आणि त्याची चाहूल लागली की थांबायची. लहानूने ती कितीदा तरी ऐकली होती. तोही काही बोलला नाही. अशी दहा-अकरा वर्षं गेली.

पंच्याऐंशी साली हिवाळ्यात मालनबाई कॅम्पाच्या बाजारातून आली ती बातमी घेऊनच. "इनास मास्तर कायमचे गोव्याला चाललेत. या शनिवारी त्यांचा क्लबातला शेवटचा कार्यक्रम हाय. मला जायचंय."

"तू जा," लहानू म्हणाला.

"मी एकटी कशी जाणार? तुम्ही नका ऐकू. नुसतं बसा."

लहानूने दोन दिवस तो विषय टाळला. शुक्रवारी त्याने पेटी काढली. "येतो," तो म्हणाला. "हे मास्तरांना देऊन टाकू. तिकडं गोव्यात बँड लय हाय म्हणत्यात. कुणाच्या तरी कामाला येईल. इथं नुसतं कुजतंय." मालनबाईला हे पटलं नाही. पण त्याला तिथवर न्यायचं तर हेही कबूल करावं लागेल, हे तिला कळत होतं. तिने तीच मोरपंखी साडी नेसली, जरा ओढूनताणून.

त्यांना पोचायला उशीर झाला. क्लबच्या फाटकापाशी येताच लहानूचे पाय थबकले. आतून सॅक्सोफोन ऐकू येत होता. हळू सुरू होणारी, मधेच पायरी चुकल्यासारखी करणारी चाल. त्याने मालनबाईकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती पदर सावरल्यासारखं करत होती.

व्हरांड्यात एक म्हातारी पारशीण बसली होती. हा उंच माणूस दार अडवून उभा राहिलेला पाहून ती कुजबुजली, "बैठो, बैठो. लानू चल रहा है."

आपलं नाव ऐकून लहानू मुकाट्याने बसला. मग हळूच वाकून विचारलं, "क्या चल रहा है, माँजी?"

"लानू. ये ट्यून का नाम है. इनास हर सॅटरडे बजाता है, हम लोग माँगते हैं." म्हातारीने विचार केला. "कोई पोर्तुगीज लेडी का नाम होगा. बेचारा शादी नहीं किया ना."

लहानू आत बघत राहिला. पियानोवाला एकटाच वाजवत होता, चालीपासून लांब लांब जात. मधेच लोकांनी टाळ्या वाजवल्या. लहानू दचकला. पियानोवाल्याने मात्र हसून मान हलवली आणि पुढे वाजवत राहिला. थोड्या वेळाने इनास मास्तरांनी हात वर नेला आणि डोक्याला लावला. झालं, बिचारा उठणार आता, असं लहानूला वाटलं. पण कुणीच उठलं नाही. चौघेही एका श्वासात परत मूळ चालीवर आले, ती वाजवली आणि संपवली.

मालनबाईने नवऱ्याच्या मनगटावर हात ठेवला.

मध्यंतर झाल्यावर तो पेटी घेऊन स्टेजपाशी गेला. मास्तर आता वाकले होते, केस पांढरे झाले होते. त्यांनी चष्मा वर केला आणि नीट निरखून पाहिलं.

"लहानू," ते म्हणाले. "बाबा, कुठं गेला होतास तू?"

"मास्तर, त्या दिवशी तुम्ही..." त्याने आपला हात डोक्याच्या दिशेने अर्धा नेला आणि खाली घेतला. "तुम्ही असं का केलं होतं?"

"असं म्हणजे?"

"डोक्याला हात लावला."

मास्तर त्याच्याकडे बघतच राहिले. "अरे, आमी चालीच्या मुखड्याला हेड म्हणतो. हेड म्हणजे डोकं. डोक्याला हात लावला म्हणजे मुखड्यावर ये, सगळे मिळून वाजवू. दुसरं काय?"

लहानूने पेटी छातीशी धरली.

"तू इतका सुंदर वाजवलास," मास्तर म्हणाले, "लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी मुखड्यावर बोलावलं, आणि तू उठून गेलास. आमाला वाटलं, पोटात कळ आली असेल, येईल आता. आमी मुखडा फिरवत राहिलो तुझ्यासाठी. परत, परत. शेवटी ड्रमवाल्याचे हात भरून आले तेव्हा थांबलो. मग दर शनिवारी वाजवायला लागलो. म्हटलं, कधी तरी येईल."

लहानूच्या डोळ्यांपुढून ती सगळी वर्षं गेली. खाटेखालची पेटी, न दुखणारा दात, भाकऱ्या थापता थापता थांबणारं मालनबाईचं गुणगुणणं. आणि फाटकातून आपण ज्या आवाजापासून भराभर पळालो, तोच आपल्याला परत बोलावत होता. रडावं की हसावं, ते त्याला कळेना. त्याने आपल्या डोक्याला हात लावला.

हा अगदी आपला, देवळाली गावातला हात होता. पण मास्तरांच्या मागे साथीदार येऊन बसले होते. त्यांनी एक उंच माणूस हातात वाद्याची पेटी घेऊन उभा आहे आणि त्याने डोक्याला हात लावलाय, एवढंच पाहिलं. ड्रमवाल्याने कुंचा फिरवायला सुरुवात केली. उभ्या व्हायोलिनवर बोटं पडली. पियानोने चालीचा पहिला सूर लावला आणि बाकीची जागा मोकळी सोडली.

मास्तरांनी पायाने एक खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

लहानूने पेटी उघडली, क्लॅरनेट जोडलं, पत्ती जिभेवर ओली केली. मालनबाई व्हरांड्यातून आत येऊन पहिल्या रांगेत बसली होती. तिच्यापुढे लिंबूसोडा होता आणि तिने त्याला हात लावला नव्हता. मुखडा एकदा फिरून आला, पुन्हा फिरून आला. कुणालाच घाई नव्हती.

समोरची माणसं बसलेली होती. लहानूही बसला.